गाणगापूरची बस आणि तीन राजधान्या

आमच्याकडं फिरायला जाणं म्हणजे देवाला जाणं. उगं फिरायला जायलोत असं सांगितलं की लोक विचारतात, "कामून?" आणि त्याला काय उत्तर द्यायचं ते कळत नाही. गाणगापूरला जायलोत म्हणलं की कोणी काही विचारत नाही, उलट "आमचाही नमस्कार सांगा" म्हणून अकरा रुपये हातावर ठेवतात. त्यामुळं मराठवाड्यातल्या ज्या माणसाला जुनी शहरं बघायचीत त्यानं आधी आपल्या गल्लीतल्या भजनी मंडळाची ट्रिप कधी निघते ते बघावं हे माझं स्पष्ट मत झालंय. उदगीरहून गाणगापूरचा रस्ता नकाशावर बघा, वाटेत बिदर लागतं, मग गुलबर्गा, आणि गाणगापूरहून घरी न वळता थोडं पुढं गेलं की विजापूर. बहमनी सुलतानांच्या दोन राजधान्या आणि आदिलशाहीची एक, येताना सोलापूरकडून आलं की वर नळदुर्ग. आता गुलबर्ग्याला कलबुर्गी आणि विजापूरला विजयपुरा म्हणतात, पण आमच्या बसमध्ये जुनीच नावं चालली म्हणून इथंही तीच लिहिते.

शनिवार-रविवारला जोडून सुट्टी आली होती, थंडीचे दिवस, आणि मंडळाच्या बायकांनी बस ठरवली होती. पुशबॅक सीट सांगितल्या होत्या, निघाल्याही पुशबॅकच, फक्त एकदा मागं गेलेली सीट परत पुढं यायची नाही, त्यामुळं मागच्या काकू सगळी ट्रिपभर माझ्या डोक्याच्या आधारानं जपमाळ ओढत होत्या. माझ्यासोबत सासूबाई, मी त्यांना मामी म्हणते. सत्तरी कधीच ओलांडलीय, गुडघे दुखतात, घरात वरच्या मजल्यावर जायचं म्हणलं तर दहा कारणं सांगतात पण देवाचं नाव निघालं की पायऱ्यांचा हिशेब करत नाहीत. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, लसणाचा ठेचा, दशम्या हे सगळं दोन पिशव्यांत. आता गाड्यांत चार्जिंग पॉइंट असतात, पण पिशवी ठेवायला जागा अजूनही पायातच.

कमलनगर आलं की पाट्या कानडी होतात. दुकानात उतरून चहा मागितला तर पोरगं मराठीतच विचारतं, साखर कमी का. भालकी, औराद हा सगळाच पट्टा असा आहे, घरात मराठी, ऑफिसात कानडी, बाजारात दख्खनी. आणि हे परराज्य म्हणावं तर आमचं उदगीर १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यातच होतं. राज्य पुनर्रचनेत उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तीन तालुके बिदरपासून तोडले आणि उस्मानाबादला जोडले, आमचा लातूर जिल्हा तर १९८२ चा. मामींच्या सासऱ्यांची जमिनीची एक केस बिदरला चालू होती, ते तारखेला आगगाडीनं जायचे, रात्रीच दशम्या बांधून ठेवायच्या, आणि कागद सगळे उर्दूत असल्यामुळं ते वाचून घ्यायला तिथं मुन्शीला वेगळे पैसे मोजायचे. ते कागद अजून आमच्या पेटीत आहेत. त्यामुळं बसमधल्या तरुण बायका बिदरचे फोटो मोबाईलवर बघत होत्या तेव्हा मामी शांतपणे म्हणाल्या, "कचेरीचं गाव आहे ते, त्यात काय बघायचं."

बिदर लाल आहे. आमच्या काळ्या रानातून आलेल्या डोळ्याला ते लगेच कळतं. जांभ्या दगडाच्या पठारावर गाव बसलंय, आणि किल्ल्याच्या दक्षिण अंगाला तोच दगड कोरून तिहेरी खंदक काढलाय, म्हणजे खंदक खणताना मधे दगडाच्या भिंती तशाच उभ्या सोडल्यात, शत्रूनं एक खंदक ओलांडला की पुढं भिंत, भिंत चढला की पुन्हा खंदक. हे खणलं कोणी असेल, किती माणसं लागली असतील, ऊन किती असेल, याचा विचार मी किल्ल्याच्या प्रत्येक खंदकापाशी करते आणि मग पुढं जाते कारण बस सुटणार असते. गुलबर्ग्याहून राजधानी इथं आणली अहमदशहा वली बहमनीनं, पंधराव्या शतकाच्या पहिल्या तिसेक वर्षांत. का आणली याची कारणं बरीच सांगतात, उंचावरची मोक्याची जागा, चांगलं पाणी, गुलबर्ग्यातली भाऊबंदकी. शेवटचं कारण आपल्या लोकांना न समजावता कळतं.

रंगीन महालाला बहुतेक वेळा कुलूप असतं. मंडळाच्या अध्यक्षा काकूंनी तिथल्या माणसाला "बाबा, लांबून आलोत रे" असं म्हणून ते उघडवलं, हे काम शिकलेल्या माणसाला जमत नाही. आत कोरलेले लाकडी खांब, आणि एका दाराच्या चौकटीला काळ्या दगडात शिंपल्याचे बारीक तुकडे बसवलेत. नुसतं चिकटवलेलं नाही ते, आधी दगडात वेलीची खाच कोरलीय आणि त्या खाचेत बरोब्बर त्या आकाराचा शिंपला. बाहेरून उजेड आला की तिथं गुलाबी, हिरवट, दुधी असे रंग हलतात. बरीदशाही काळात, अली बरीदच्या वेळचं काम. राज्य तेव्हा मावळतीला लागलेलं, बहमनीचे पाच तुकडे होऊन त्यातला हा सगळ्यात लहान तुकडा उरलेला आणि ह्या माणसानं दाराला शिंपले बसवून घेतले. मला तो आवडला.

मामींना यातल्या कशाचंच फार नव्हतं. त्या मला हळूच म्हणाल्या, "दामाजीपंताची रक्कम विठ्ठलानं कुठं भरली ते विचार की." आणि मला एकदम लख्ख झालं की अरे, बिदरचा बादशहा म्हणजे तोच! दुष्काळात मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी सरकारी कोठारं लोकांना उघडून दिली, बादशहानं पकडून आणायला माणसं धाडली, आणि ते पोचायच्या आधी विठू महाराच्या रूपात पांडुरंगानं बिदरच्या दरबारात मोहरा ओतून रीतसर पावती घेतली, ही गोष्ट आमच्याकडं कीर्तनात लहानपणापासून ऐकलेली. गाइडला विचारलं. तो स्थानिक मुसलमान पोरगा, मराठी आमच्याइतकंच चांगलं बोलणारा, त्यानं तख्त महालाकडं हात केला आणि म्हणाला, "दरबार इथं भरायचा आजी, आता विठ्ठल नेमका कुठं उभा राहिला ते मी नाही सांगू शकत." मामींनी तिथल्या पायरीला हात लावून नमस्कार केला. मग काकूंना आठवलं की गुरुचरित्रातला तो यवन राजा, मांडीवर फोड झालेला, मागच्या जन्मीचा रजक, नृसिंहसरस्वतींनी बरं केलेला, तोही बिदरचाच, आणि तो स्वामींना पालखीत बसवून याच नगरात घेऊन आला होता. झालं! अर्धी बस जी सावलीत बसून धपाटे खात होती ती उठून किल्ला बघायला लागली. इतिहासाच्या पुस्तकानं जे झालं नसतं ते पोथीनं केलं, आणि मला यात काही वाईट वाटत नाही. पोथीतला बादशहा काय आणि तवारिखेतला काय, गाव एकच आहे.

महमूद गवानचा मदरसा मात्र मला एकटीला बघायचा होता, मी रिक्षा करून पुढं गेले. हा गवान इराणमधल्या गिलानचा. व्यापारी म्हणून आला आणि बहमनी राज्याचा वजीर झाला. १४७२ ला त्यानं हा मदरसा बांधला, तीन मजली, विद्यार्थ्यांना राहायला खोल्या, मोठं ग्रंथालय. पुढं दरबारातल्या लोकांनी त्याच्या शिक्क्याचं खोटं पत्र तयार केलं, ओरिसाच्या राजाशी तो फितूर आहे असं दाखवलं, आणि सुलतानानं फार चौकशी न करता १४८१ ला त्याला मारून टाकलं. सुलतानही वर्षभरातच गेला आणि त्यानंतर राज्य जे उसवत गेलं ते गेलंच. मदरशाचं पुढं काय झालं, तर औरंगजेबाच्या काळात तिथं सैन्य आणि दारूगोळा ठेवला, १६९६ ला स्फोट झाला आणि समोरची निम्मी बाजू उडाली. दोन मिनारांपैकी एकच उरला. पण तो एक बघा. खालपासून वरपर्यंत फरशीच्या तुकड्यांची नक्षी होती, निळा, पांढरा, हिरवा, पिवळा, आता ती जागोजागी गळून खालची वीट दिसते आणि जिथं शिल्लक आहे तिथं पाचशे वर्षांचं ऊन खाऊनही निळा रंग फिका पडलेला नाही. वर अक्षरांचा पट्टा आहे, तो अर्ध्यात तुटतो. बाजूला रस्ता, भाजीचे गाडे, हॉर्न. शाळेची दोन पोरं मिनाराच्या सावलीत बसून गृहपाठ उतरवून घेत होती, एकमेकांच्या वहीतून, म्हणजे संस्थेचं मूळ काम चालूच आहे म्हणायचं.

तिथून जवळच बिदरी कामाची दुकानं. बायका खरेदीला आल्या होत्या पण भाव ऐकून बघायलाच थांबल्या आणि त्यामुळं कारागिरानंही निवांत दाखवलं. जस्त आणि थोडं तांबं एकत्र ओतून भांडं करतात, कानशीनं घासून गुळगुळीत करतात, मग मोरचुदाच्या पाण्यानं तात्पुरतं काळं करतात म्हणजे कोरायच्या रेषा दिसतात. त्या रेषा छोट्या छिन्नीनं कोरायच्या आणि खाचेत चांदीची तार हातोडीनं ठोकत जायची. हात इतका सवयीचा की तो आमच्याशी बोलत होता, चहा पीत होता, आणि तार वळणावर बरोब्बर वळत होती. शेवटी भांडं तापवून किल्ल्यातली माती आणि नवसागराचा लेप चोळतात, त्यानं धातू कायमचा काळाकुट्ट होतो आणि चांदीला काही होत नाही. किल्ल्यातली कुठलीही माती चालत नाही, जिथं वर्षानुवर्षं ऊन-पाऊस लागलेला नाही अशी जुन्या बांधकामाच्या आतली लागते, आणि ती चांगली आहे का हे कारागीर जिभेला लावून बघतो. त्यानं आमच्यासमोर चिमूटभर जिभेवर ठेवली आणि मान हलवली. मामींनी मला विचारलं, "खारट लागती का?" मी काय सांगणार. त्यानंच सांगितलं, "थोडी." एक छोटी डबी घेतली, त्यात आता त्या विभूती ठेवतात.

अष्टूरला जाताना ऊन कलायला लागलं होतं. गावाबाहेर मोकळ्या रानात बहमनी सुलतानांच्या कबरी ओळीनं उभ्या आहेत, एकेक घुमट म्हणजे एकेक पिढी. पहिली अहमदशहा वलीची, आतून छताला सोनेरी आणि शेंदरी रंगाची नक्षी, सूफी वचनं, मान मोडेपर्यंत वर बघावं असं. याला मुसलमान वली मानतात आणि लिंगायत लोक अल्लमप्रभूचं रूप मानतात, उरूस होळीच्या सुमाराला हिंदू पंचांगाप्रमाणं, आणि त्यात जंगमाचा मान. आमच्या भागाला यात नवल काही नाही, उदगीरच्या किल्ल्यातही उदागीर बाबांची समाधी आहेच. पण मी थांबले ती हुमायून बहमनीच्या कबरीपाशी. हा फार क्रूर होता म्हणे, लोक जालीमच म्हणायचे, आणि त्याच्या घुमटावर वीज पडली. अर्धा घुमट कोसळला, अर्धा कापलेल्या कांद्यासारखा उघडा उभा आहे, आतले थर, पातळ विटा, चुना, भिंतीची जाडी किती, कमान कुठं सुरू होते, सगळं बाहेरूनच दिसतं. शिक्षा म्हणून वीज पडली असं लोक मानतात. असेल. पण घुमट कसा बांधतात हे शिकायचं असेल तर याच्याइतकं चांगलं मॉडेल कुठल्या कॉलेजात नाही. बसमधल्या एका काकांनी आयुष्यभर सेंट्रिंगचं काम केलं, ते तिथून हलेनात. भिंतीवर हात ठेवून म्हणाले, "सळई नाही ओ यात कुठं." आणि मग बराच वेळ काही बोललेच नाहीत, वरच बघत राहिले.

मुक्काम गुलबर्ग्याला. हॉटेलचं नाव घेत नाही, पाणी रात्री बारापर्यंत गरम येईल म्हणले होते आणि सकाळी सहाला गार आलं, इतकंच.

आम्ही इतिहास उलटा वाचत होतो, आधी बिदर मग गुलबर्गा. खरा क्रम असा की दिल्लीच्या तुघलकानं १३२७ ला राजधानी आमच्या देवगिरीला आणली आणि दौलताबाद नाव ठेवलं, ते फसलं, आणि १३४७ ला दख्खनच्या सरदारांनी बंड करून दौलताबादलाच हसन बहमनशहाला गादीवर बसवलं, त्यानं राजधानी नेली गुलबर्ग्याला. म्हणजे या सगळ्याची सुरुवात आपल्याच डोंगराच्या पायथ्याशी. हफ्त गुंबजला, म्हणजे गुलबर्ग्याच्या बहमनी सुलतानांच्या कबरींपाशी, गेलो तेव्हा मला पळत्या बस-ट्रिपचा फायदा पहिल्यांदा दिसला. अभ्यासू लोक नाक मुरडतात की सुट्टीच्या तुकड्यात इतक्या राजधान्या, काय बघून होणार? पण आदल्या संध्याकाळी अष्टूरचे उंच, अंगात आलेले घुमट डोळ्यात ताजे असताना सकाळी गुलबर्ग्याचे बसके, आत झुकत गेलेल्या भिंतींचे घुमट समोर येतात, तेव्हा कोणी काही न सांगता कळतं की हे जुने आहेत, यांना अजून दिल्लीची, तुघलकांची सवय आहे. बिदरला पोचेपर्यंत इराणचे कारागीर आले, रंग आला, मान वर झाली. महिन्या-महिन्याच्या अंतरानं ही गावं बघितली असती तर मला हा फरक दिसला नसता. मी काही स्थापत्याची बाई नाही, बँकेत काम करते.

किल्ल्यातली जामा मशीद १३६७ ची. मशिदीला मधे मोकळं अंगण असतं ते इथं नाहीच, सगळं छताखाली, चहूबाजूंनी रुंद आणि बुटक्या कमानींच्या ओळी, एका टोकाला उभं राहिलं की कमानीत कमान दिसत जाते. थंडगार. लोक स्पेनच्या कॉर्डोबाची आठवण काढतात, मी कॉर्डोबा बघितलं नाही आणि गरजही वाटली नाही.

बंदे नवाज या सूफी संतांच्या दर्ग्यात गर्दी होती. हे मूळ दिल्लीचे पण लहानपणी तुघलकाच्या त्या राजधानीबदलात वडिलांसोबत दौलताबादला आलेले. वडील तिकडंच वारले, त्यांची कबर आपल्या खुलताबादला आहे. नंतर दिल्लीला परत गेले, तैमूरच्या स्वारीनंतर म्हातारपणी पुन्हा दक्षिणेत आले आणि गुलबर्ग्यात १४२२ ला वारले. मामींनी बाहेरूनच हात जोडले आणि दारातल्या बाईकडून साखरेचे दाणे घेतले. आमच्या बसमधल्या एकीचा नवस होता म्हणे तिथला, ती गुपचूप जाऊन फेडून आली आणि कोणाला सांगू नका म्हणाली, सगळ्यांना सांगून झाल्यावर.

गाणगापूरला दुपारच्या आत पोचायचं होतं कारण माध्यान्हीला महाराज स्वतः भिक्षेला येतात, ही सगळ्यांची श्रद्धा. त्यामुळं ड्रायव्हर मामांनी गाडी हाणली. भीमा-अमरजेच्या संगमावर स्नान, मग मठात निर्गुण पादुकांचं दर्शन, मग गावात पाच घरी माधुकरी मागायची. गाणगापुरात श्रीमंत-गरीब सगळे झोळी घेऊन फिरतात, सोन्याच्या पाटल्या घातलेल्या बायका दारात उभ्या राहून "ॐ भवति भिक्षां देहि" म्हणतात. मी पहिल्यांदाच मागितली. एका घरातल्या आजीबाईंनी ज्वारीची कडक भाकर आणि शेंगाचटणी झोळीत टाकली आणि कानडीत काहीतरी म्हणाल्या, मला कळलं नाही, मामींनाही कळलं नाही, तरी मामी त्यांच्याशी दहा मिनिटं गुडघ्यांवर बोलल्या. ती भाकर आम्ही विजापूरच्या वाटेवर खाल्ली. कडक भाकर चार दिवस टिकते, आमची चार मिनिटं टिकली नाही.

विजापूरला गोल घुमट सकाळी उघडल्या उघडल्या गाठावा असं सगळे सांगतात, आम्हीही गाठला. कोपऱ्यातल्या मनोऱ्यातून अरुंद पायऱ्या वर जातात, मामी खालीच बसल्या, इथं देव नाही म्हणून. मुहम्मद आदिलशहा १६५६ ला गेला, त्याची ही कबर, घुमटाचा बाहेरचा व्यास ४४ मीटर, आत एकही खांब नाही, एकमेकींना छेदत जाणाऱ्या कमानी सगळं ओझं भिंतींवर नेऊन सोडतात. हे सगळं भारीच आहे. पण वरच्या सज्जात जे चालतं ते ऐकवत नाही. भिंतीला तोंड लावून हळू बोललं की समोरच्या बाजूला ऐकू येतं ही इथली गंमत, आणि जो येतो तो किंचाळतो. शिट्ट्या, कुत्र्याचे आवाज, कोणाकोणाच्या नावाचे जयजयकार, आणि प्रत्येक आवाज घुमून घुमून परत येणार. आमच्या मंडळानं मात्र तिथं "दिगंबरा दिगंबरा श्रीपाद वल्लभ दिगंबरा" सुरू केलं, हळू आवाजात, आणि एक ओळ संपायच्या आत मागची ओळ परत येऊन तिच्यात मिसळायला लागली. पोरंही जरा वेळ गप्प झाली. कुठल्या सुलतानाच्या कबरीवर काय गायलोत याचं कोणाला काही वाटलं नाही, मलाही नाही.

पण खरं विजापूर मला इब्राहिम रोजाला भेटलं. इब्राहिम आदिलशहा दुसरा, १६२७ ला वारलेला, त्याची ही कबर. गाणं जाणणारा, दख्खनीत पदं रचणारा आणि त्यात सरस्वती-गणपतीला नमन करणारा सुलतान. नरसोबाच्या वाडीचं देऊळ आदिलशहानं बांधून दिलं असं तिकडं सांगतातच, त्यामुळं काकूंच्या हिशेबात हा आपल्यातलाच. खिडक्यांची जाळी दगडाची आणि जाळीची नक्षी म्हणजे अक्षरंच, अक्षरांच्या मधल्या फटीतून उजेड आत येतो. घुमट इथं पाकळ्यांतून उमलून वर आलाय, आणि पुन्हा तेच, दोन दिवसांपूर्वीचं बिदर आणि कालचं गुलबर्गा डोळ्यात असल्यामुळं वाटलं की हा घुमट तिथून चालत चालत इथं आलाय. गाइड म्हणाला ताजमहाल यावरूनच सुचला. असं प्रत्येक गावचा गाइड म्हणतो, औरंगाबादचा बिचारा उलटं म्हणतो.

शाळेत विजापूर म्हणलं की अफजलखान, तेवढंच आपल्याला माहीत. तो होताच. पण याच दरबाराच्या महसुलाचं दप्तर मराठीत चालायचं, मराठी कारकून हिशेब लिहायचे, शहाजीराजेही याच दरबाराचे सरदार. हे बसमध्ये बोलून बघितलं, दोघांनी ऐकलं, एकानं विषय बदलला. असो.

मुलूख-ए-मैदान तोफ बघायला शेवटी गेलो. शेरझा बुरुजावर ऊन तापलेलं, तोफ पंचावन्न टनांची, तोंडाला सिंहाचा जबडा आणि त्या जबड्यात दाबलेला छोटासा हत्ती. तोफेवर हात ठेवला तर उन्हातही ती फार तापलेली नव्हती, हे मी स्वतः ठेवून बघितलं. १५४९ ला अहमदनगरला ओतलेली, निजामशाहीची तोफ. मग ती होती कुठं, तर परंड्याच्या किल्ल्यात, आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या, आणि तिथून १६३२ ला आदिलशाहीच्या मुरार जगदेवानं ती विजापूरला ओढत आणली. ओढायला शेकडो बैल, हत्ती आणि माणसं लागली असं सांगतात. मी हे मामींना सांगितलं तर त्या एकदम सावध झाल्या. "म्हणजे आपली?" मी म्हणलं, नगरची म्हणा, परंड्याची म्हणा. "मग परत नाही दिली?" आता याला काय सांगायचं, पंचावन्न टनांची वस्तू, चारशे वर्षं झाली, दोन्ही राज्यं बुडाली, विजापूर बुडवणाऱ्या औरंगजेबानं स्वतःचा लेख त्या तोफेवर कोरून ठेवला आणि त्याचंही राज्य बुडालं. पण मामींच्या घराण्यानं जमिनीची केस बिदरला इतकी वर्षं लढवलीय की वस्तू कोणाची आणि ताबा कोणाचा हा प्रश्न त्यांच्या रक्तातच आहे.

सोलापूरला जेवण, उन्हं उतरता नळदुर्ग. बोरी नदीवर बांध घालून त्या बांधाच्या पोटात खोल्या काढल्यात, पाणी महाल, त्याच इब्राहिमाच्या काळातला, १६१३ चा. पावसाळ्यात नर-मादी धबधबे डोक्यावरून पडतात आणि आत उभं राहिलं तर अंगावर थेंब येत नाही. आम्ही गेलो तेव्हा पाणी नव्हतंच, थंडीत कुठून असणार, नुसता बांध आणि शेवाळाचे वाळलेले पट्टे. सेंट्रिंगवाले काका तेवढ्यातही आत जाऊन आले. हे गाव आमच्यापासून तीनेक तासांवर आणि बसमधल्या निम्म्या लोकांनी ते हायवेवरून जाताना बाहेरूनच बघितलेलं, सोलापूरला लग्नाला जाताना.

उमरग्याच्या पुढं बसमध्ये पुढच्या ट्रिपचं चालू झालं. कोणी अक्कलकोट म्हणे, कोणी कोल्हापूर-वाडी. मी परंड्याचा किल्ला म्हणलं, तिथं अजून बऱ्याच मोठ्या तोफा आहेत. सगळ्या गप्प. मागच्या काकूंनी जपमाळ थांबवून विचारलं, "कामून?"

मामीच म्हणाल्या, "सोनारीचा भैरवनाथ तिथंच आहे की जवळ."

काकांनी लगेच वही काढली, माणशी किती पडतील ते काढायला.